खिंडीतली काशाची थाळी

चारी बाजूंच्या डोंगरांनी ओंजळ करावी आणि त्या ओंजळीत कुणी हलक्या हाताने ठेवून द्यावे, असे एक गाव फार पूर्वी होते. त्या गावात सकाळ उशिरा येई आणि संध्याकाळ लवकर. बाहेरच्या मुलखात सूर्य अजून दोन कासरे वर असे, तेव्हाच तो या गावाच्या पश्चिमेच्या डोंगराआड उतरे. मग खरा सूर्यास्त होईपर्यंत गावावर एक लांबलचक निळसर छाया पसरून राही. गुरे त्या छायेतून घरी परतत, चुलींचा धूर त्या छायेत तरंगत राही, आणि माणसे थोडी हळू आवाजात बोलत. तो दिवस नसे, रात्रही नसे. गावात त्याला ‘सावलीची वेळ’ म्हणत.

खरा सूर्य केव्हा बुडतो, ते एकाच ठिकाणाहून दिसे. पश्चिमेच्या डोंगरात एक अरुंद खिंड होती आणि तिच्यातून पलीकडचे सपाट रान थेट क्षितिजापर्यंत उघडे पडे. गुरवाच्या घराण्यातले एक माणूस पिढ्यान् पिढ्या रोज संध्याकाळी त्या खिंडीत जाऊन बसे. सूर्याची शेवटची कोर क्षितिजाखाली गेली की ते काशाच्या थाळीवर टोला देई. एकच टोला. तो नाद डोंगरांवर आपटत, वळसे घेत, धुक्यासारखा गावात उतरे.

त्या एका टोल्यावर गाव चाले. मधल्या देवळात सांजवात लागे. उत्तरेच्या आळीत जैनांची घरे होती. दिवस मावळला की अन्नपाणी घ्यायचे नाही असा त्यांचा नेम. टोला कानी आला की तिथे हातातला घास खाली ठेवला जाई. दक्षिणेच्या आळीत मुसलमानांची घरे होती. रमजानच्या महिन्यात दिवसभर उपाशी राहिलेली ती माणसे टोला ऐकूनच पाण्याचा पहिला घोट घेत. नाद एकच, पण एका आळीत तो ऐकून ओंजळ मिटे, दुसऱ्या आळीत ती उघडे, आणि मधे देवापुढे वात उजळे. एका सूर्याच्या एका बुडण्यातून भगवंताने इतकी कामे काढून घ्यावीत, याचे कुणाला नवल वाटत नसे. रोजच्या गोष्टीचे नवल वाटत नाही.

त्या काळी थाळीचा मान भागाआजीकडे होता. नवरा गेल्यापासून तीस वर्षे तिने एक संध्याकाळ चुकवली नव्हती. हातात थाळी, मनगटाला तुळशीची माळ गुंडाळलेली आणि ओठांवर तिची स्वतःची एक ओवी:

सूर्यनारायण बाप्पा, तुझं जाणं एकवार,
एक ओंजळ मिटते, एक उघडते दार.

आता, चंद्राच्या महिन्यांची चाल मोठी गमतीची असते. मुसलमानांचा महिना दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतो. उन्हाळ्यातून हिवाळ्यात, हिवाळ्यातून पावसाळ्यात असा तो सगळ्या ऋतूंच्या घरी पाहुणा जातो. हिंदूंचे आणि जैनांचे महिने मात्र अधिक मासाचा टेकू लावून आपापल्या ऋतूत बसून राहतात. त्यामुळे तीस-बत्तीस वर्षांतून एखाद्या वेळी असे घडते की एकच चंद्रकोर रमजानही घेऊन येते आणि भाद्रपदही. त्या वर्षी तसेच घडले. दक्षिणेच्या आळीत रोजे सुरू झाले, चतुर्थीला देवळात गणपती बसले, आणि पंचमीला उत्तरेच्या आळीत जैनांचे दशलक्षण पर्व सुरू झाले. ते दहा दिवसांचे व्रत. त्यात काही जण दिवसातून एकदाच उकळलेले पाणी घेतात, तेही सूर्य असेतोवर. संध्याकाळच्या हवेत त्या दिवसांत तीन प्रार्थनांचे सूर एकमेकांत मिसळत आणि कुठला कुणाचा, हे दूरच्या माणसाला ओळखू येत नसे.

भागाआजीला मात्र या आनंदाच्या दिवसांत धास्ती लागली होती. कारण तिचे एक गुपित होते. दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांत दुधाची साय धरावी तशी पांढरी झाक आली होती. वाट पायांना पाठ होती, म्हणून ती खिंडीत पोचे. पण सूर्याची कोर तिला दिसत नसे. गालावरची ऊब विझली की ती सूर्य बुडाला असे समजे. पावसाळ्यात ऊब नसे, तेव्हा ती खिंडीत माजलेल्या टाकळ्यात हात घाली. टाकळ्याची पाने संध्याकाळी मिटतात. ती मिटलेली बोटांना लागली की ती टोला देई. रमजानात ती पाने मिटल्यावरही चार श्वास अधिक थांबे, म्हणजे कुणाचा रोजा आधी सुटू नये. भाद्रपदात चार श्वास आधी वाजवी, म्हणजे कुणाचा घास उशिरा होऊ नये. अशी तिने दोन वर्षे निभावून नेली होती. पण या वर्षी दोन्ही एकाच वेळी आले होते. थांबावे तर एकाचे व्रत मोडणार, घाई करावी तर दुसऱ्याचे.

पंचमीच्या संध्याकाळी आभाळ काळ्या ढगांनी भरून आले. त्या काळोखाने टाकळ्याची पाने वेळेआधीच मिटली. आजीने टोला दिला.

दक्षिणेच्या आळीत दस्तगीर चाचा राहत. कापूस पिंजण्याचा त्यांचा धंदा. बोलणेही पिंजलेल्या कापसासारखे हलकेफुलके. त्यांची म्हातारी आई खाटेवर पडून असे. आजाऱ्याला रोजा माफ असतो, पण ती ऐकत नसे. टोला ऐकून तिने पाण्याचा घोट घेतला, आणि तेवढ्यात पश्चिमेचा ढग फाटला. खिंडीतून एक पिवळा किरण सरळ आत आला आणि गावाच्या पूर्वेच्या कड्यावर जाऊन टेकला. सगळ्यांनी वर पाहिले. सूर्य अजून होता.

म्हातारीने हातातला वाडगा खाली ठेवला. ‘जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘ईद झाली की हा एक रोजा परत धरीन.’ मग तिने पदर तोंडावर ओढून घेतला. ईदपर्यंत आपण असू की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

आजीला हे कळले तेव्हा तिचा जीव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी ती पाने मिटल्यावरही थांबली. खूप थांबली. पाखरांचा शेवटचा आवाज विरल्यावर तिने टोला दिला.

उत्तरेच्या आळीत पायगोंडा अण्णांचे घर होते. अण्णा शेतकरी, अंगाने आडवे, बोलायला सरळ. त्यांची सून राजमती दहा दिवसांचे कडक व्रत करत होती. टोला झाला नाही, म्हणून तिने पूजेनंतर निवांतपणे पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. इतक्यात डोंगरावरून मेंढरे घेऊन उतरणारा धनगर वेशीतून ओरडला, ‘आज आजी झोपली का काय? सूर्य बुडून लई वेळ झाला की!’ राजमतीच्या हातातून तांब्या पडला. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून तिने पाणीही घेतले नाही.

मग देवळासमोरच्या पारावर गाव जमले.

‘आजीचा हात आता थकला,’ पायगोंडा अण्णा म्हणाले. ‘आमचं पर्व वर्षातनं एकदा येतं. आमची थाळी आम्ही वेगळी बसवतो.’

‘बसवा की अण्णा,’ दस्तगीर चाचा म्हणाले. ‘आमचीबी बसंल. तुमच्या थाळीवर रोजा सोडायचा म्हणजे तुमचं पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही कोरड्या घशानं आभाळाकडं बघत बसायचं!’

‘आणि तुमच्या थाळीवर विसंबलं, तर आम्हाला दुपारच्यालाच तोंड बांधून बसावं लागंल!’

लोक हसले. पण ते हसणे चांगले नव्हते. भागाआजी पाराच्या कडेला थाळी छातीशी धरून उभी होती. तिला कुणी काही विचारले नाही. तिनेही काही सांगितले नाही. घरी येऊन तिने देवापुढे थाळी ठेवली आणि म्हणाली, ‘देवा, माझे डोळे नेलेस त्याचं काही नाही रे. पण मी दोन घरांची व्रतं मोडली. हे माझ्या पदरात कशाला टाकलंस?’

दुसऱ्या दिवसापासून गावात तीन थाळ्या वाजू लागल्या. उत्तरेच्या टेकडीवर जैनांचा एक तरुण बसे, दक्षिणेच्या टेकडीवर मुसलमानांचा, आणि खिंडीत रिकाम्या मनाने आजी. देवळातला पुजारी कोणत्या टोल्यावर वात लावावी म्हणून काडी हातात धरून उभा राही. गाई दावणीला येता येता मधेच थबकत.

पण याहून विचित्र गोष्ट पुढेच होती. जैनांची थाळी सूर्यास्ताच्या जरा आधी वाजायला हवी आणि रोजेदारांची सूर्यास्त झाल्यावर. घडे नेमके उलटे! दक्षिणेच्या टेकडीवर थाळी आधी वाजे, ‘सूर्य बुडाला’ म्हणून. आणि तिचा नाद विरून गेल्यावर उत्तरेची वाजे, ‘आता बुडेल’ म्हणून. ज्यांना तो बुडायला हवा होता त्यांचा आधी बुडे, आणि ज्यांना तो राहायला हवा होता त्यांचा मागे रेंगाळे. जणू गावाला दोन सूर्य होते.

दोन्ही आळ्यांत कुजबुज सुरू झाली. आपल्याच माणसाने वाजवलेल्या थाळीवर आपलाच विश्वास बसेना. शेवटी दशमीच्या संध्याकाळी पायगोंडा अण्णा स्वतः थाळी घेऊन निघाले. खरे काय ते खिंडीतूनच दिसणार होते. ते वर पोचले, तर दस्तगीर चाचा तिथे आधीच बसलेले. त्यांच्याही मांडीवर थाळी होती. दोघांच्या मधे, आपल्या नेहमीच्या जागी, भागाआजी.

समोर रान पसरले होते, ओले, गवताच्या वासाचे. वर ढगांचे जड छत होते आणि क्षितिजापाशी त्या छताखाली एक बारीक फट. तिच्यात सूर्य आला. लालसर, पाण्यात पाहिल्यासारखा थरथरणारा. तो हळूहळू खाली सरकू लागला.

‘बुडाला,’ दस्तगीर चाचा म्हणाले आणि त्यांनी थाळी उचलली.

‘कुठं बुडाला? कोर आहे की अजून,’ अण्णा म्हणाले.

‘अण्णा, तो ढग लाल झालाय. सूर्य गेला.’

‘डोळे आहेत का खोबण्या? ती बघा, चांगली नखाएवढी कोर आहे!’

‘मी दिवसभर उपाशी आहे. या वेळी मी खोटं बोलेन?’

‘आणि मी पर्वात खोटं बोलेन होय?’

दोघांचे आवाज चढले. तेवढ्यात त्यांना हसू ऐकू आले. भागाआजी हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

‘भांडू नका रे बाळांनो,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला दोघांना निदान काहीतरी दिसतंय. मला दोन वर्षं झाली, काहीच दिसत नाही.’

आजीने सगळे सांगितले. डोळ्यांवरची साय, गालावरची ऊब, टाकळ्याची पाने, चार श्वास. ‘त्या दिवशी दस्तगीरच्या अम्माचा रोजा मी मोडला. दुसऱ्या दिवशी तुझ्या सुनेचं व्रत मोडलं. थाळी सोडायची हिंमत झाली नाही. हिच्याशिवाय मी कोण, हे मला माहीत नाही. पण आता तुम्हीच ठरवा.’ आणि तिने थाळी जमिनीवर ठेवली.

दोघेही खाली मान घालून बसले. मग दस्तगीर चाचा म्हणाले, ‘आजी, तुला दिसत नव्हतं, हे खरं. पण मला तरी कुठं दिसतंय? घसा सुकला की मला सगळं आभाळच बुडाल्यासारखं वाटतं. अण्णा म्हणतात तशी कोर असंलही.’

पायगोंडा अण्णा थाळीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. ‘माझंही तसंच आहे,’ ते म्हणाले. ‘खाली राजमती दिवसभराची तहानलेली, हातात तांब्या घेऊन बसलेली असते. तिचं पाणी पिऊन होईस्तोवर मला सूर्य राहावासा वाटतो. म्हणून तो मला राहिलेला दिसतो.’

आणि मग, ढगाच्या फटीतून किरण आत यावा तसा, एक विचार त्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. आधी कुणाच्या मनात आला, ते पुढे दोघांनाही आठवत नसे.

‘पारावर तुम्ही मला काय म्हणाला होतात?’ अण्णांनी विचारले. ‘माझ्या थाळीवर रोजा सोडला तर उशीर होईल, असंच ना?’

‘म्हणालो खरा. रागात म्हणालो.’

‘पण रोज्याला उशीर चालतो. घाई चालत नाही.’

दस्तगीर चाचा त्यांच्याकडे पाहत राहिले. ‘आणि माझ्या थाळीवर तुम्ही विसंबलात तर तुमचं तोंड लवकर बंद होईल.’

‘आमच्या व्रताला तेच हवं. आधी चालतं, उशीर चालत नाही.’

दोघांनी एकदमच आजीकडे पाहिले, आणि आजीला ते दिसले नाही. पण ती म्हणाली, ‘बोला, बोला. ऐकतेय मी.’

‘आजी,’ अण्णा म्हणाले, ‘देवळातलं शिंग इथं आणू. दस्तगीरभाई पहिल्यांदा “बुडाला” म्हणाले की तू ते फुंक. आमची आळी त्यावर पाणी खाली ठेवील. आणि मी “बुडाला” म्हणालो की थाळी वाजव. त्यावर रोजा सुटंल आणि देवळात वात लागंल. त्यांची तहान आमचं व्रत राखील, आणि आमचा मोह त्यांचं.’

‘आणि टोला कुणाचा?’ आजीने हळूच विचारले.

‘तुझाच. आम्हाला कुठं जमतंय तुझ्यासारखं!’ अण्णांनी जमिनीवरची थाळी तिच्या हाती दिली, आणि त्या संध्याकाळचा टोला तिनेच दिला.

दस्तगीर चाचांना आता पुन्हा हसू फुटले. ‘मग अण्णा, उद्या पहाटे मी खारातलं लिंबू जरा जास्तच खातो. जितकी मला तहान, तितकं तुमचं व्रत बळकट!’

‘खा, खा. पण मग संध्याकाळी माझ्याकडं दीनवाणं बघायचं नाही.’

दुसऱ्या दिवसापासून खिंडीत तिघे बसू लागले. आजीच्या दोन्ही बाजूंना दोन दगड आणून ठेवले गेले. आधी शिंगाचा लांब, गहिरा सूर उतरे, आणि उत्तरेच्या आळीत तांबे खाली ठेवले जात. मग काही क्षण सारे गाव नुसते थांबून राही. त्या क्षणांना काही नाव नव्हते. कुणी पाणी पीत नसे, कुणी वात लावत नसे. एका आळीचे पाणी थांबलेले असे, दुसरीचा रोजा अजून सुटलेला नसे, आणि त्या मधल्या शांततेत सगळेच एकाच व्रतात असल्यासारखे वाटे. मग थाळी वाजे.

त्रयोदशीला एक गोष्ट घडली. जिनमंदिरात पूजा लांबली आणि राजमती उशिरा घरी आली. अंगणात बसून तिने तांब्या उचलला आणि तो ओठांपाशी नेला, एवढ्यात शिंग वाजले. खिंडीतून अण्णांना ते अंगण दिसत होते. सुनेने तांब्या तसाच, भरलेला, खाली ठेवला. आता दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी नव्हते. अण्णांना कोर दिसत होती. अजून थोडी होती. ते बोलू शकले असते. पण ते गप्प राहिले. दस्तगीर चाचांनीही ते अंगण पाहिले होते. तरीही त्यांना दिसले तेच ते बोलले होते.

मग चतुर्दशी आली. जैनांच्या पर्वाचा शेवटचा दिवस, गणपती बोळवण्याचा दिवस आणि रमजानचा तेरावा. ढग असे दाटले होते की सावलीच्या वेळीच गावात दिवेलागणीचा काळोख झाला. नदीकाठी गणपतीच्या मूर्ती पाटावर ठेवून माणसे शेवटच्या आरतीसाठी थाळीची वाट पाहत होती. राजमतीने त्या दिवशी वेळेवर पाणी घेतले होते.

पण दक्षिणेच्या आळीत दस्तगीर चाचांची आई दुपारपासून बोलली नव्हती. ‘अम्मा, रोजा सोड,’ असे सगळ्यांनी विनवले. तिने तोंड फिरवले. पंचमीला मोडलेला तो रोजा तिच्या मनात काट्यासारखा होता. आता दुसरा मोडू द्यायचा नाही, एवढेच तिने धरले होते.

खिंडीत दस्तगीर चाचांनी ‘बुडाला’ म्हटले. शिंग वाजले. मग त्यांनी अण्णांचा हात धरला.

‘अण्णा, आता म्हणा.’

अण्णा क्षितिजाकडे पाहत होते. ढगांच्या आणि जमिनीच्या मधे केसाएवढी फट होती, आणि त्या फटीत लाल धाग्यासारखे काही होते.

‘अजून आहे, दस्तगीरभाई.’

‘काही नाही तिथं! अम्माचा जीव कंठाशी आलाय. तुमच्या एका शब्दानं तिला पाणी मिळंल. म्हणा ना अण्णा!’

पायगोंडा अण्णांचे डोळे भरून आले. एक शब्द. तो कुणी तपासणार नव्हते. आजीला दिसत नव्हते, आणि खाली सगळा काळोखच होता. दयेचाच शब्द होता तो. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले.

‘काल राजमतीनं तांब्या ओठापाशी नेला होता,’ ते म्हणाले. ‘एक क्षण गप्प बसला असतात, तर ती प्याली असती. मी इथंच बसलो होतो. पण तुम्ही दिसलं तेच बोललात. आज अम्माचा रोजा माझ्या हातात आहे. तो मी मोडून परत दिला, तर तिच्याकडं कोणत्या तोंडानं बघू?’

दस्तगीर चाचांनी त्यांचा हात सोडला आणि गुडघ्यांत डोके घातले.

खाली आळीत लोक जमले होते. ‘शिंग वाजून किती वेळ झाला! थाळी कुठाय?’ कुणी म्हणाले. कुणी म्हणाले, ‘काल सुनेचा तांब्या खाली ठेवावा लागला, त्याचं उट्टं काढतोय अण्णा.’ नातीने वाडगा म्हातारीच्या ओठांपाशी नेला. ‘अम्मा, घे. काळोख झालाय. सूर्य कधीच गेला.’

म्हातारीने डोळे उघडले. ‘थाळी?’

‘थाळी अण्णांच्या शब्दावर आहे. ते नाही वाजवू द्यायचे.’

‘मग थांब, बेटा,’ म्हातारी पुटपुटली. ‘ज्याच्या हाती दिलंय, त्याच्यावर सोडायचं. हा रोजा त्याच्या डोळ्यावर ठेवलाय मी.’ आणि तिने वाडग्यावर हात ठेवला.

त्याच वेळी ढगांखालची फट किंचित उघडली. खिंडीतून, आजीच्या पांढऱ्या केसांना स्पर्श करत, एक पिवळा किरण गावावरून गेला आणि पूर्वेच्या कड्यावर टेकला. सगळ्या गावाने तो पाहिला. नातीने हातातला वाडगा घट्ट धरला. उट्टे काढण्याची भाषा करणाऱ्यांच्या माना खाली गेल्या.

‘काय झालं रे?’ आजीने विचारले. ‘गालाला ऊब लागली.’

‘सूर्य आहे, आजी,’ दस्तगीर चाचा रडत म्हणाले. ‘अजून आहे. अण्णा खरं बोलत होते.’

किरण कड्यावर थोडा वर चढला, गुलाबी झाला, आणि विझला. पायगोंडा अण्णांनी तीन श्वास वाट पाहिली. मग ते म्हणाले, ‘बुडाला.’

आजीने टोला दिला. तो नाद डोंगरांवरून फिरून खाली आला तेव्हा दक्षिणेच्या आळीत म्हातारीच्या ओठांना पाणी लागले, देवळात वात लागली, आणि नदीकाठी आरती सुरू झाली. पूर्वेच्या कड्यावर, जिथे किरण विझला होता, तिथेच ढगांच्या कडेने जवळजवळ पूर्ण भरलेला चंद्र वर येत होता. सगळ्यांच्या महिन्यांना घेऊन उगवलेला तोच चंद्र.

पाणी प्याल्यावर म्हातारीचा आवाज परत आला. तिने पहिली गोष्ट विचारली ती ही: ‘त्या अण्णाच्या सुनेचं पारणं कधी?’

‘उद्या सकाळी, सूर्य उगवला की.’

‘मग उगवला की नाही, ते आपला दस्तगीर बघंल,’ म्हातारी म्हणाली. ‘त्या पोरीला घाई होणार. घाईतल्या माणसाला सूर्य लवकर दिसतो.’

दस्तगीर चाचा पहाटे पूर्वेच्या कड्यावर जाऊन बसले. सूर्य पूर्ण वर येईपर्यंत त्यांनी हाक दिली नाही, आणि राजमतीही तोवर थांबली.

पुढे कित्येक वर्षे गेली. चंद्राचे महिने पुन्हा एकमेकांपासून दूर गेले. रमजान कधी उन्हात आला, कधी थंडीत. भागाआजीही गेली. पण खिंडीतले ते दोन दगड रिकामे राहिले नाहीत. रोजे असोत वा पर्व असो, उत्तरेच्या आळीतला एक माणूस आणि दक्षिणेच्या आळीतला एक माणूस रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसे. गुरवाच्या घरातले माणूस मधे बसून दोघांचेही ऐकून घेई, आणि मगच टोला देई.

यातून घ्यायचे तात्पर्य: आपले व्रत आपण राखू लागलो की आपली तहान आपल्या डोळ्यांपुढे येऊन बसते. म्हणून ते शेजाऱ्याच्या डोळ्यांवर विश्वासाने सोपवावे, आणि शेजाऱ्याचे आपल्या हाती आले तर दयेपोटीही मोडू नये. मग दोघांचा देव एक की वेगळा, हे विचारण्याची गरजच उरत नाही.